न पिणाऱ्यांच्या यकृतामागे

बेळगावला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी कुंदा कुठे आहे ते विचारतात. कुंदा आणलेला नाही. येताना माझ्या मांडीवर थर्माकोलचं खोकं होतं, त्यात बर्फ होता आणि बर्फात रक्ताच्या नळ्या होत्या. मिठाईला जागा नव्हती आणि मनही नव्हतं. तरी लोक ‘मग, मजा आली ना?’ असं विचारतच राहिले, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी जरूर जावं. भाकरी उत्तम मिळते आणि माणसं प्रेमळ आहेत. फक्त कोणतंही शास्त्रीय काम घेऊन जाऊ नये.

माझं काम यकृताच्या पेशींवर चालतं. यकृत म्हणजे लिव्हर, शाळेत आकृती काढून सगळे विसरतात तो उजव्या बरगड्यांखालचा मोठा अवयव. त्यातली पेशी शरीराबाहेर काढून काचेच्या बशीत ठेवली की थोड्याच दिवसांत ती आपलं मूळ काम विसरायला लागते. साखर साठवायची, विष निवडायचं, ते सगळं सोडून नुसती हातपाय पसरून बसते. तिला तिचं काम आठवत ठेवायचं या एका खटाटोपात माझं निम्मं आयुष्य गेलं. पण पेशीचे गुणही आहेत. ती बोलत नाही, आग्रह करत नाही आणि सोबत नातेवाईक आणत नाही. हे गुण किती मोलाचे आहेत ते मला या प्रवासात कळलं.

आम्ही ज्या प्रश्नामागे आहोत तो साधा आहे. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठते, आणि त्यातल्या काहींचं यकृत पुढे सुजून, व्रण धरून, पक्क्या दारुड्याच्या यकृतासारखं कडक होतं. काहींचंच का होतं, ते कळायला हवंय. त्यासाठी खात्रीने न पिणारी माणसं लागतात. पुण्यात ‘छे, मी पीत नाही’ म्हणणारा माणूस थोड्या वेळाने ‘शनिवारी थोडीशी, तीही कंपनी म्हणून’ असं जोडतो. बेळगावचे डॉ. शिवानंद यकृताच्याच आजारांचे डॉक्टर. ते फोनवर म्हणाले, “आमच्याकडं या की मॅडम. चिकोडी-निपाणीकडची जैन शेतकरी माणसं. दारू नाही, मटण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण. सकाळी उपाशीपोटी रांगेत उभी राहतील बघा.”

रात्रभर उपाशी असलेली, न पिणारी माणसं, तीही रांगेत. रक्ताच्या तपासणीला नेमकं तेच लागतं. मी भुलले. आमचा तंत्रज्ञ नितीन, गाडीत बसेल असं तपासणीचं मशीन आणि ते रिकामं खोकं घेऊन निघाले.

निपाणी

निपाणीत गावाआधी तंबाखू येते. गाडीच्या काचा बंद होत्या तरी मी शिंकत होते, नितीन शिंकत होता, आणि रस्त्यावरच्या कुणाला काहीही होत नव्हतं. पहिलं शिबिर विडी वळणाऱ्या बायकांच्या एका गटाने भरवलं होतं. समाजमंदिरात पोचलो तेव्हा बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोलताना, हसताना, माझ्याकडे संशयाने बघताना त्यांची बोटं काही थांबत नव्हती. मला कामाचं वातावरण बघून बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा येईपर्यंत टिकलं.

आमचं मशीन बरगड्यांच्या फटीतून आत एक हलकी टिचकी मारतं, आणि ती आत कशी जाते त्यावरून यकृत मऊ आहे की कडक ते सांगतं. कशामुळे कडक झालं ते मशीनला कळत नाही. एवढं साधं मी लिहून दिलं होतं. रिक्षावरून पुकारा करणाऱ्या माणसाला ते मिळमिळीत वाटलं असावं. त्याने स्वतःची भर घातली आणि निपाणीभर सांगून आला की पुण्याहून पिणारा ओळखायचं मशीन आलंय.

त्यामुळे बायका स्वतः तपासून घ्यायला आल्याच नव्हत्या. त्या नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या. शेवंता नावाच्या एका बाईने नवऱ्याला दंडाला धरून माझ्यापुढे उभं केलं. तो बिचारा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

“ह्यो पितोय का न्हाय तेवढं सांगा, बाई,” ती म्हणाली. “देवाची आण घेऊन न्हाय म्हणतोय.”

मी समजावलं. अगदी नीट, हाताने यकृताचा आकार करून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला खाटेवर आडवं केलं. मशीन चाललं, आणि नितीनने सवयीप्रमाणे मोठ्याने सांगितलं की एकदम नॉर्मल. सुरुवातीची काही वर्षं पिणाऱ्याचंही यकृत मशीनवर चांगलं दिसू शकतं, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर नवरा निवडून आल्यासारखा बाहेर पडला होता. शेवंता मशीनकडे बघत राहिली. मग म्हणाली की मशीन खोटं आहे, आणि सूप उचलून घरी गेली.

दुपारनंतर आणखी मजा झाली. मजा म्हणजे माझ्या डोक्याला ताप. गावातले नामांकित पिणारे आपण होऊन रांगेत लागले. त्यांना गमावण्यासारखं काहीच नव्हतं, झाला तर फायदाच होता. मला हवे असलेले न पिणारे मात्र रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते. एकालाही आत यायचं नव्हतं. जन्मभर सांभाळलेलं नाव एका टिचकीसाठी कोण पणाला लावेल? मी नितीनला आकडे मोठ्याने सांगायची बंदी केली, पण आता उशीर झाला होता. ही बातमी तंबाखूच्या वासाच्या वेगाने पसरणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी महामार्गालगतच्या एका खानावळीत जेवलो. भाकरी पातळ, तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी काढणारा. मालकाने नितीनला हळूच विचारलं, मशीन उद्या कुठे आहे? मला वाटलं त्याला तपासून घ्यायचंय. त्याला त्या गावात जायचं टाळायचं होतं.

सदलगा

निपाणीहून सदलग्याकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये उसाच्याच ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्कश गाणं आणि चालकाला मागे कुणी आहे याची कल्पनाच नाही. त्यांच्यामागे रांगत आम्ही दूधगंगेकाठच्या त्या गावात पोचलो. डॉ. शिवानंदांच्या वडिलांचे जुने स्नेही भूपाल आप्पा यांच्या घरी आमची सोय होती. घर नवं, पायऱ्यांना ग्रॅनाइट, दारात ट्रॅक्टर. आप्पा साठीच्या आसपासचे, पांढऱ्या शर्टातले, पोट जरा पुढे आणि आवाज अगदी मऊ. गावातल्या जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, प्रत्येक कामात ते असतात. शिबिरासाठी त्यांनी स्वतःचा सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी, मोकळा करून दिला होता, सतरंज्या घातल्या होत्या, खाट आणून ठेवली होती. इतका तयारीचा यजमान मला आजवर मिळाला नव्हता.

पहिला अडथळा थर्माकोलच्या खोक्याने आणला. आप्पांच्या पत्नी पद्माक्का यांनी ते दारातच अडवलं. असल्या खोक्यातून मासे येतात, असं त्यांचं म्हणणं. मी झाकण उघडून आतलं रिकामेपण दाखवलं. त्यांनी वास घेतला आणि आज रिकामं आहे पण काल काय होतं असं विचारलं. काल काहीच नव्हतं. मग उद्या काय असेल? उद्या रक्त असेल, असं मी खरं सांगितलं, आणि खोकं तिथल्या तिथे गोठ्याशेजारी गेलं. फ्रीजचा विषय मी काढलाच नाही. बर्फ थंडपेयाच्या दुकानातून आणायचं ठरलं.

इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच नितीनला “मी आलोच” म्हणाले आणि त्याने दचकून बघितलं.

जेवण दिवसाउजेडी. ऊन असतानाच पानं वाढली गेली. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वर तुपात बुडवलेली शेंगापोळी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी हात थांबत नव्हता. गुळाची दुसरी पोळी नको म्हटलं तर पद्माक्का दुखावल्या, म्हणून घेतली. तिसरी मी न मागताच आली. आमच्या घरी जेवायला रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे नऊ वाजता मला पुन्हा भूक लागली, आणि यकृतावर काम करणारी एक बाई गाडीत बसून चोरून बिस्किटं खाऊ लागली.

सकाळी माणसं खरोखर आली. शिवानंदांनी सांगितलं तशीच, काल मावळतीपासून काही न खाल्लेली. निपाणीची बातमी पोचली होती हे दिसत होतं, पण आप्पांचा शब्द होता म्हणून आली. मी आनंदाने नळ्या मांडल्या. वळून बघते तर सगळ्यांच्या हातात कप.

पद्माक्कांनी रांगेला चहा दिला होता. दुधाचा, दाट, चमचा उभा राहील एवढ्या साखरेचा.

मी अक्षरशः हात जोडले. चहा का दिलात? त्यांना माझा प्रश्नच कळेना. दारात आलेल्या माणसाला चहा न देता बसवून ठेवायचं, ही कुठली पद्धत? “च्या म्हंजी काय जेवान हाय का ओ?” पूर्ण सकाळ वाया गेली. रांगेला उद्या या म्हणून सांगितलं, आणि पद्माक्कांना साखर आणि रक्त यांचा संबंध उलगडून सांगितला. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी चहा नव्हता. सगळ्यांच्या हातात दुधाचे पेले होते. दूध तर पवित्र, त्याने काय होतंय? मी पुन्हा समजावलं. फक्त पाणी चालेल, पाणी, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी मी पहाटेच सोप्यात जाऊन बसले. गाळलेल्या पाण्याची कळशी आली, तांब्या आला, मी निर्धास्त झाले. मग एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या मिशीवर पिवळसर ओघळ दिसला. पाण्यासोबत प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला जात होता. नुसतं पाणी पाहुण्याला कसं द्यायचं?

मी त्या दिवशी नको ते बोलले असते. पण पुढ्यात इतकी साधी, प्रेमळ मुद्रा होती की राग गिळावा लागला, आणि रिकाम्यापोटी राग गिळणारी त्या सोप्यात मी एकटीच होते.

चवथ्या दिवसापासून नितीन दारात उभा राहिला आणि कामाला थोडा आकार आला. आप्पा रोज सगळ्यांना बोलावून आणत, म्हाताऱ्यांना हात देऊन खाटेवर निजवत, मागे थांबलेल्यांची समजूत काढत. स्वतः मात्र तपासून घेत नव्हते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आप्पा, तुम्हीही या. ते म्हणाले, “आरारा, आत्ताच घोटभर च्या घेतला की ओ.” दुसऱ्या दिवशीही आत्ताच घोटभर घेतला होता. तिसऱ्या दिवशीही. चवथ्या दिवशी मी वैतागून म्हटलं की उद्या तुमच्या कपाला कुलूप घालते. ते हसले आणि बाहेर निघून गेले.

पद्माक्का तिथेच धान्य निवडत बसल्या होत्या. मान वर न करता, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “ह्यांनी कुठला च्या घ्याचा? बस्तीत दर्शन केल्याबिगर पाणीसुदीक घेत न्हाईत. लगीन झाल्यापास्नं मी बघतो.”

आप्पा बस्तीत जायचे ते शिबिर उरकल्यावर. म्हणजे रोज सकाळी ते सोप्यात उभे असायचे ते पूर्ण उपाशी, आणि मला खोटं सांगायचे. व्रत मोडलं असं स्वतःच्या तोंडाने सांगत होते, परक्या बाईला. या माणसाला ते सोपं गेलं नसणार. मशीनखाली आडवं होण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटत होतं. इतके दिवस मी चहाच्या कपांवर चिडत बसले आणि हे माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं.

नदीकाठी

त्या दुपारी आप्पा ऊस बघायला निघाले आणि मी न विचारताच त्यांच्यामागे गेले. बांधावरून चालताना माझी चप्पल चिखलात रुतून तुटली. पुढचं सगळं बोलणं मी एक पाय उचलून ऐकलं. मी सरळ विचारलं की चहाचं खोटं का सांगितलं.

त्यांनी नदीकडे तोंड केलं. मग सांगायला लागले. तीन वर्षांपूर्वी त्यांचं पोट दुखायला लागलं. मिरजेला जाऊन सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की लिव्हर खराब झालंय, पिणं बंद करा.

“म्या म्हटलं, डॉक्टर, जन्मात थेंब घेतला न्हाय. तर ते हसले. म्हणाले, हितं येणारा परत्येक जण ह्येच सांगतोय.”

“मग पुन्हा दाखवलं नाहीत?”

“कशाला? परत हसून घ्याला?”

घरी त्यांनी पोटात गॅस झालाय असं सांगितलं होतं. आमचं शिबिर येणार म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं, कुणीतरी शिकलेलं माणूस चारचौघांत सांगेल की न पिणाऱ्यालाही असं होतं. म्हणून सोपा रिकामा करून दिला होता. मग निपाणीची बातमी आली.

मला इतका राग आला की काय करावं ते सुचेना. त्या हसणाऱ्या डॉक्टरचा आला, रिक्षावाल्याचा आला, आप्पांचा तर सगळ्यात जास्त. तीन वर्षं. यकृत हा फार सोशिक अवयव आहे. वेळेवर वजन उतरवलं, साखर आवरली तर ते स्वतःला बरंचसं सावरतं. तीन वर्षं या माणसाने ते तसंच कुजत ठेवलं, शेंगापोळीवर तूप घालत, आणि का, तर कुणी हसू नये म्हणून. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“खरं हाय तुमचं,” ते म्हणाले. “पर एक करा. बस्तीत सांगा तेवढं. सगळ्यांम्होरं. मग झोपतो तुमच्या मशीनखाली.”

मला परिषदांमध्ये बोलायची सवय आहे. बस्तीत बोलायची नाही. पर्स चामड्याची म्हणून ती बाहेर काढून ठेवली, आणि तिच्यात माझा चष्मा गेला. मला समोरची माणसं धूसर दिसत होती. मी अगदीच गचाळ भाषण केलं. मध्येच पेशी, मध्येच चरबीचे थेंब, मध्येच इन्सुलिन. मागून कुणीतरी ते कन्नडमध्ये समजावत होतं आणि माझ्या वाक्यापेक्षा त्याचं वाक्य लांब होत होतं. शेवटी मी सगळं सोडून दिलं आणि म्हटलं, दारू न पिताही लिव्हर खराब होतं. तसं झालेलं माणूस ‘मी पीत नाही’ म्हणतं तेव्हा ते खरं बोलत असतं.

मग बायकांच्या बाजूने एका म्हातारीने विचारलं, “मेलेल्या माणसाचं कळतंय काय मशीनवर?”

मी नाही म्हटलं. ती खाली बसली. नंतर पद्माक्कांनी सांगितलं की तिचा नवरा पोट फुगून गेला होता. शेवटची काही वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पा रांगेत पहिले होते. नितीन एव्हाना शहाणा झाला होता. पडद्यावरचा आकडा बघून त्याने काही न बोलता मशीन माझ्याकडे वळवलं. यकृत पुष्कळ कडक झालं होतं. मी डॉ. शिवानंदांना फोन केला. ते म्हणाले की घेऊन या, रक्त तर तपासूच, पण सुईने यकृताचा तुकडाही काढून बघावा लागेल. किती नुकसान झालंय ते कळेल, आणि दुसरा एखादा लपलेला आजार नाही ना तेही कळेल.

बेळगाव

तवंदीचा घाट चढताना आप्पा खूश होते. सुई टोचायची म्हणून पोट रिकामं, तरी सगळा वेळ बोलत होते. पद्माक्का मागे बसल्या होत्या, मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा घेऊन, कारण दवाखान्यात काय मिळतं कुणास ठाऊक. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. मी त्यांना आपण कुठपर्यंत आलो ते विचारत होते, कारण पाट्या कन्नडमध्ये. बाहेरची जमीन तांबूस होत चालली होती. आणि काकतीच्या अलीकडे आप्पा जे बोलले ते ऐकून माझं बाहेरचं बघणं संपलं.

“एक बरं झालं म्याडम. मशीनला कळत न्हाय म्हणालासा. पर सुईनं तुकडा काढला म्हंजी त्यात दिसंलच की, दारूचं न्हाय ते.”

दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी नितीनशी बर्फाबद्दलच बोलत राहिले.

खरी गोष्ट अशी आहे, आणि ती सांगताना मला आजही माझ्या विषयाची लाज वाटते. पिऊन खराब झालेलं यकृत आणि न पिता असं खराब झालेलं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखंच दिसतं. तीच फुगलेली पेशी, तेच चरबीचे थेंब, तसेच व्रणाचे धागे. इतकी वर्षं मी त्या पेशींकडे बघते आहे, आणि नुसती काच दाखवून विचारलंत तर हा माणूस पीत होता की नाही ते मी शपथेवर सांगू शकणार नाही. डॉक्टर ते ठरवतात रुग्णाच्या सांगण्यावरून.

गप्प बसले असते तर आप्पा हसत हसत सुईखाली गेले असते. त्या तुकड्यातला उरलेला कण माझ्या कामाला मिळाला असता. अशाच कणासाठी मी इतक्या लांब आले होते, आणि बर्फ गाडीत तयार होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते दोघं बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सांगताना मी चिडलेच होते, पण कुणावर ते मला कळत नव्हतं.

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हंजी ह्यात बी कळणार न्हाय?”

“किती खराब झालंय ते कळेल. पुढे काय करायचं ते कळेल. कशामुळे, ते तुम्ही सांगाल तेच.”

“म्या तर सांगतोयच की, तीन वर्सं.”

ते उठले. पायात चपला सरकवल्या आणि सदलग्याला जाऊया म्हणाले. घरी गेलात तर मराल, असं मी अशाच शब्दांत बोलले. त्यांनी मान हलवली. मेलो तर मेलो, पण पुन्हा त्या प्रश्नाला तोंड द्यायचं नाही, असं काहीसं पुटपुटले.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन आला. आडवं-तिडवं न विचारता बाकाशीच उभा राहून माहिती लिहून घेऊ लागला. वय, गाव, साखरेचा आजार किती वर्षं. मग कागदावरची नजर न हलवता विचारलं, “दारू?”

“न्हाय,” आप्पा म्हणाले.

“सोडून किती दिवस झाले?”

त्या मुलाने ते वाईट मनाने विचारलं नव्हतं. दिवसभर हेच विचारत असेल. पण आप्पा जिन्याकडे वळले. मी पुढे होऊन त्या मुलाला चांगलं झापणार होते, एवढ्यात पद्माक्का उभ्या राहिल्या. डबा त्यांनी बाकावर ठेवला.

“मिरजेच्या डॉक्टरनं मला बी बाजूला घेऊन सांगितलंतं,” त्या म्हणाल्या. “ह्यास्नी माहीत न्हाय. तवापास्नं हे झोपले की मी ह्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघतो. रोज. तीन वर्सं झाली. एक दिवस सुदीक आला न्हाय. तुम्ही लिवा, कवाच पीत न्हवते म्हणून.”

तरुण डॉक्टरने पहिल्यांदा मान वर केली. त्याने पद्माक्कांकडे बघितलं, मग कागदावर काहीतरी खोडलं आणि लिहिलं.

आप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले होते. ते वळले. बायकोकडे बघत राहिले, जणू ही बाई कोण ते ओळखायचं होतं. पद्माक्कांनी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मग आप्पा परत आले, चपला काढून बाकाखाली सरकवल्या, आणि शर्टाची बटणं काढत त्या मुलाच्या मागे आत गेले.